सोसण्याचे कौतुक पुरे

संकटे माणसाला घडवतात, हे वाक्य आपल्या सार्वजनिक जीवनात फार आदराने उच्चारले जाते. सत्काराच्या सभेत, शाळेच्या पारितोषिक समारंभात, निवडणुकीच्या प्रचारात आणि शोकसभेतही ते ऐकू येते. गरिबीत दिवस काढून पुढे नावारूपाला आलेल्या माणसाच्या चरित्रात तर ते हमखास असते. या वाक्यात सत्याचा अंशच नाही असे नव्हे. परंतु ते कोण कोणाला ऐकवतो, हे पाहिले म्हणजे त्याचा दुसरा अर्थ ध्यानात येतो. ज्याच्या शेताला पाटाचे पाणी मिळते, तो ते कोरडवाहू शेतकऱ्याला ऐकवतो. ज्याचा पगार दर महिन्याला ठरल्या तारखेस हाती पडतो, तो ते रोजंदारीवरच्या मजुराला ऐकवतो. सोसणाऱ्याच्या सहनशक्तीची जितकी वाहवा करावी, तितकी ते सोसणे संपवण्याची जबाबदारी टाळणे सोपे जाते. म्हणून प्रश्न सरळ विचारला पाहिजे : हालअपेष्टा माणसाला घडवतात की मोडतात, आणि यांपैकी काय व्हायचे ते कशावर ठरते?

या प्रश्नाचे उत्तर पोथीत शोधण्याऐवजी जालना जिल्ह्यातील पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावात शोधणे अधिक उपयोगाचे ठरेल. विदर्भाच्या सीमेला लागून असलेल्या भोकरदन तालुक्यातील हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. मिरचीचे पीक मोठे लहरी. उन्हाळ्यात विहिरीचे उरलेसुरले पाणी ठिबकने पाजून रोपे जगवायची, औषधांच्या फवारण्या करायच्या, चुरडा-मुरडा पडला तर उभे पीक डोळ्यांदेखत जाताना पाहायचे, आणि एवढ्यातून माल हाती आलाच तर त्या दिवशी बाजारात जो भाव निघेल तो घ्यायचा. मिरची ही किमान आधारभूत किमतीच्या यादीत नाही. शिवाय ती नाशवंत. घरी ठेवून चांगल्या भावाची वाट पाहण्याची सोय नाही. हे झाले शेतकऱ्याचे. त्याच शेतात वाकून मिरची तोडणाऱ्या बाईचे दुःख निराळे आहे. तिची मजुरी किलोवर. हातांची आग रात्री भाकरी थापतानाही थांबत नाही. पाऊस लागून राहिला तर तोडणी नाही, आणि तोडणी नाही तर मजुरी नाही. त्याच मिरचीची गोणी पाठीवर घेऊन गाडीत चढवणाऱ्या हमालाचे दुःख आणखी तिसरे. आभाळ तिघांवर एकच. परंतु ते फाटले म्हणजे तिघे सारखे भिजत नाहीत.

म्हणजे संकट ही नुसती निसर्गाची घटना नाही. कोणत्या घरावर ते किती कोसळेल, हे जमीन, पाणी, जात, कर्ज आणि लिंग यांच्या व्यवस्थेने आधीच ठरवून ठेवलेले असते. ते कोसळल्यानंतर माणूस उभा राहतो की आडवा होतो, हे मात्र आणखी एका गोष्टीवर अवलंबून असते. ते संकट त्याने एकट्याने सोसले की इतरांबरोबर, आणि सोसल्यानंतर त्याच्या हाती काही हक्क आला की नाही, हा तो खरा मुद्दा आहे. महाराष्ट्राच्या गेल्या अर्धशतकाच्या इतिहासात याचे दोन्ही प्रकारचे पुरावे सापडतात.

१९७२ चा दुष्काळ म्हणून जो ओळखला जातो, तो वस्तुतः १९७० पासून सुरू झालेल्या अपुऱ्या पावसाच्या मालिकेचा कळस होता. जालना जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. भोकरदन तालुका त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यात होता. मराठवाड्यातील वृद्धांच्या बोलण्यात तो काळ आजही येतो : आयात केलेली तांबडी मिलो, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडून सोललेले हात, बांधावर सावलीला निजवलेली मुले. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग यांच्या कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे होती. धान्याचे उत्पादन कोसळले असूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत, ही गोष्ट पुढे जगभरच्या अभ्यासकांनी नोंदवली. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा जो अभ्यास केला, त्यात सार्वजनिक कामांइतकेच महत्त्व त्यांनी जनतेच्या दबावालाही दिले आहे. काम मिळावे, मजुरी वेळेवर मिळावी, धान्य यावे यासाठी ठिकठिकाणी मोर्चे निघाले, घेराव झाले. शहरांत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या भगिनींनी महागाईविरुद्ध लाटणी हातात घेतलेल्या स्त्रियांना रस्त्यावर आणले, तोही हाच काळ.

त्या दुष्काळाचे वैशिष्ट्य नीट समजून घेतले पाहिजे. तो भयंकर होता, पण त्याने माणसांना एका ठिकाणी आणले. शेतकरी आणि शेतमजूर, मराठा आणि दलित, सासू आणि सून, सगळे एकाच कामावर एकाच हजेरीपुस्तकात आले. घरात बसून जे नशीब वाटत होते, ते हजारो माणसे शेजारी शेजारी खडी फोडत बसली तेव्हा नशीब वाटेनासे झाले. आठवड्याचा पगार थकला तर तो एकट्याचा थकत नसे, सर्वांचा थकत असे. म्हणून तो मागण्यासाठी सर्व जण जात. दुष्काळी कामावरची ती गर्दी हीच पुष्कळांच्या आयुष्यातील पहिली राजकीय शाळा ठरली.

आणि त्या शाळेतून एक कायदा निघाला. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात जो प्रयोग केला होता, त्यातून रोजगार हमीची कल्पना पुढे आली होती. १९७२ मध्ये ती राज्याची योजना झाली आणि दुष्काळाच्या अनुभवाने तिला बळ दिले. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता, हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेले. त्याआधी १९७५ मध्ये या योजनेच्या खर्चासाठी व्यवसाय कराचा कायदा झाला होता. मुंबईच्या कारकुनाच्या आणि पुण्याच्या प्राध्यापकाच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जाऊ लागले ते मराठवाड्यातल्या, माणदेशातल्या मजुराला काम मिळावे म्हणून. दुःख वाटून घेणे हा शब्दप्रयोग भाषणांत पुष्कळदा येतो. इथे तो पगारपत्रकावर आला. खडी फोडणाऱ्या बाईला ना तासगावचा प्रयोग ठाऊक होता, ना विधिमंडळातील चर्चा; पण तिच्या सोसण्यातून पुढच्या पिढीच्या हाती एक हक्क पडला. १९७२ च्या हालांनी महाराष्ट्राला काही घडवले असे म्हणायचे असेल, तर ते या अर्थाने म्हणता येईल.

तरी त्या काळाचे गुलाबी चित्र रंगवण्याचे कारण नाही. त्याच दुष्काळात दलित वस्तीतील स्त्रीला गावच्या विहिरीवर चढता येत नव्हते. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती. गावाची विहीर आटली तर सवर्णांचे पाणी दूर गेले. दलितांचे पाणी मुळातच दूर होते. बाबा आढाव यांनी 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ त्याच काळात उभी केली आणि गावोगाव हिंडून विहिरींची परिस्थिती लोकांपुढे मांडली. एकाच कामावर, एकाच हजेरीपुस्तकात असलेली माणसे एकाच पाणवठ्यावर का नसावीत, हा त्या चळवळीचा साधा प्रश्न होता. समान संकटाने आपोआप समता येत नाही, ती मिळवावी लागते, एवढे तरी त्यातून शिकण्यासारखे आहे.

आता चाळीस वर्षे पुढे यावे. २०१२-१३ चा दुष्काळ आला तेव्हा सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. त्या वेळी रेशनवर धान्य होते, पाणी नव्हते. मोसंबीच्या बागा वाळून गेल्या आणि वर्षानुवर्षे जपलेल्या झाडांवर शेतकऱ्यांना कुऱ्हाड चालवावी लागली. जनावरे छावणीत गेली, माणसे टँकरच्या रांगेत उभी राहिली. परंतु १९७२ च्या आणि या दुष्काळात एक मूलभूत फरक होता. मधल्या काळात पाणी खाजगी झाले होते. ज्याच्याजवळ पैसा किंवा पत होती त्याने बोअर घेतले. शेजाऱ्याने त्याहून खोल घेतले. पहिल्याचे आटले म्हणून त्याने कर्ज काढून आणखी खोल घेतले. जमिनीखालचे पाणी सर्वांचे, पण ते उपसण्याची शर्यत ज्याची त्याची. ज्या गावांत सावडीने एकमेकांची शेते उरकली जात, त्याच गावांत एकाच्या बोअरला पाणी लागणे म्हणजे दुसऱ्याची विहीर कोरडी पडणे असे समीकरण झाले. दुष्काळ रस्त्यावरून घरात शिरला. कर्ज स्वतःचे, बोअर स्वतःचे, टँकर स्वतःचा, आणि शेवटी अपयशही स्वतःचेच. सार्वजनिक संकटाचे असे खाजगीकरण झाले म्हणजे ते माणसाला घडवत नाही. ते त्याला आतून पोखरते.

मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. आत्महत्या करणारा शेतकरी दुबळ्या मनाचा होता, त्याला सोसता आले नाही, असे म्हणणारे लोक निर्लज्जपणे बोलत नसतात. पुष्कळदा ते प्रामाणिकपणे बोलत असतात. सोसण्याला सद्गुण मानण्याची सवय लागली म्हणजे सोसू न शकणारा गुन्हेगार वाटू लागतो. त्याच्यामागे उरलेल्या स्त्रीपुढे शासनाची यंत्रणा एक शब्द ठेवते : 'पात्र' किंवा 'अपात्र'. सातबारावर नाव होते काय, कर्ज बँकेचे होते की सावकाराचे, वसुलीचा तगादा लागला होता काय, याची कागदपत्रे जुळली तर एक लाख रुपयांची मदत. न जुळली तर नवऱ्याचे मरण सरकारदरबारी शेतकऱ्याचे मरण ठरत नाही. ती बाई पुढे शेत करते, मुले शिकवते, कर्ज फेडते, आणि तिच्या जिद्दीवर लेख लिहिले जातात. तिला जिद्दीची प्रशस्ती नको आहे. तिला सातबारावर नाव हवे आहे.

हीच कथा ऊसतोड कामगाराची. मराठवाड्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास जी माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, त्यांच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' असतो. माणसे दोन, पण हत्याराच्या नावाने मोजलेली. उचल आधी घेतलेली असल्यामुळे आजारपणातही कामाचा खाडा परवडत नाही. खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. राज्य शासनाने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. शेतात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत विसावा नाही, आणि दवाखान्यात शस्त्रक्रियेचा सल्ला मात्र तत्काळ मिळतो. साखरेच्या अर्थकारणाने शरीराचा एक अवयवच कामातील अडथळा ठरवला. या अनुभवाने त्या स्त्रिया 'घडल्या' असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार आहे काय?

आणि २०२० चा मे महिना कोण विसरेल? टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातील मध्य प्रदेशातले मजूर घराकडे जाण्यासाठी रेल्वेमार्गाने पायी निघाले. चालून चालून थकले आणि करमाडजवळ रुळांवरच झोपले. ८ मे रोजी पहाटे मालगाडीखाली त्यांतील १६ जण मरण पावले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले. परप्रांतीय मजुरांच्या संरक्षणाचा कायदा १९७९ पासून अस्तित्वात होता. त्यात नोंदणीची तरतूद होती, प्रवासभत्त्याची तरतूद होती. कायदा कागदावर आणि मजूर रुळांवर, असे त्या पहाटेचे चित्र होते. संघटित दबाव मागे नसेल तर मिळालेला हक्कही हातातून निसटतो, याचे याहून क्रूर उदाहरण शोधावे लागणार नाही.

म्हणूनच रोजगार हमीच्या बाबतीत जे घडत आहे, त्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. महाराष्ट्राच्या कायद्याने दाखवलेल्या वाटेने २००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा झाला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी 'विकसित भारत – रोजगार आणि आजीविका हमी मिशन (ग्रामीण)' हा नवा कायदा मंजूर केला. त्यात कामाचे दिवस शंभरावरून एकशे पंचवीस केले आहेत, आणि त्याचे स्वागत करण्यास हरकत नाही. पण त्याच कायद्याने बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार टाकला, राज्याला किती निधी मिळावा हे ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे ठेवला, आणि पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातील साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा दिली. मागणी आली म्हणजे काम काढलेच पाहिजे, हा हमीचा प्राण होता. निधीची मर्यादा आधी ठरली आणि मागणी नंतर आली, तर हमी हा शब्द उरतो, प्राण जातो. हंगामातील बंदीचा अर्थ तर मिरची तोडणारी बाई कोणाही पंडिताआधी ओळखील. तिच्या श्रमाला सर्वांत अधिक मागणी असते त्याच दिवसांत 'या मजुरीत परवडत नाही, मी दुसऱ्या कामावर जाते' असे म्हणण्याची तिची ताकद काढून घेतली जाते.

येथे एक आक्षेप निघेल आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. दोन-तीन एकरांचा मिरची उत्पादक म्हणेल, मजुरी वाढली तर माझे दिवाळे निघेल. त्याचे म्हणणे खोटे नाही. खते, औषधे, रोपे यांचा खर्च त्याच्या हातात नाही आणि मालाचा भावही नाही. त्याच्या हातात उरते ती फक्त मजुरी, म्हणून तो ती दाबतो. परंतु एका गरिबाला दुसऱ्या गरिबाच्या पोटावर पाय देऊनच जगता यावे, अशी ही व्यवस्था आहे हे त्याला समजावून दिले पाहिजे. २०२५ साली लाल मिरचीचे भाव कोसळले तेव्हा आंध्र प्रदेशातील उत्पादकांसाठी बाजार हस्तक्षेप योजना मंजूर करणे केंद्र सरकारला भाग पडले. म्हणजे मिरचीला भावाचा आधार देता येत नाही हा काही निसर्गनियम नव्हे. शेतकऱ्याच्या भावाची लढाई आणि मजुराच्या दामाची लढाई एका व्यासपीठावर आली तरच दोन्ही जिंकता येतील. वेगवेगळ्या लढल्या तर व्यापारी आणि सत्ताधारी दोघांचीही समजूत काढून मोकळे होतील.

चळवळीतही सोसण्याचे गौरवीकरण होते, हे येथे सांगितले पाहिजे. कोण किती दिवस तुरुंगात होता, कोणी किती उपास काढले, यावरून कार्यकर्त्याचे मोल ठरवण्याची रीत जुनी आहे. त्या त्यागाविषयी आदर असावा. पण त्यागाने कोणाच्या पदरात काय पडले, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. कार्यकर्त्याचे काम दुःखितांना धीर देण्याने सुरू होत असेल, पण धीर देऊन संपत नाही. कामाची मागणी लेखी करवून तारखेची पोच घेणे, मजुरी थकली तर सर्वांना घेऊन तहसील गाठणे, विधवेचे नाव सातबारावर लागेपर्यंत तलाठ्याकडे खेटे घालणे, ऊसतोडीला निघणाऱ्या प्रत्येक स्त्रीची, कोयत्याची नव्हे, ग्रामपंचायतीत नोंद करवणे, ग्रामसभेत बोअरचा आणि पाण्याच्या वाटणीचा विषय काढणे, ही कामे किरकोळ दिसतात. त्यांवर पोवाडे रचले जात नाहीत. पण एकट्याचे दुःख चारचौघांत आणण्याचा दुसरा मार्ग नाही.

आणखी एक काम तातडीचे आहे. १९७२ मध्ये जे विशीत होते ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. पिंपळगाव रेणुकाईपासून गडहिंग्लजपर्यंत गावागावांतील या माणसांकडे त्या काळाचा अनुभव आहे : कामे कशी मागितली, मोर्चा कोणी काढला, कोणत्या तलावावर किती माणसे होती, पाणवठ्यावर कोणाला अडवले. तरुण कार्यकर्त्यांनी हे ऐकून लिहून ठेवले पाहिजे. या गोष्टी केवळ हाल म्हणून सांगितल्या तर ऐकणारा हळहळेल आणि विसरेल. हक्क कसा मिळाला याची कहाणी म्हणून सांगितल्या, तर ज्याला ती बाई केवळ 'योजना' म्हणून ओळखते ते काम तिच्या आईने खडी फोडून कमावलेले आहे, हे तिला कळेल; आणि कमावलेली वस्तू माणूस सहजासहजी हातची जाऊ देत नाही.

संकटे यापुढेही येणार आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात ज्या मराठवाड्याने टँकरच्या रांगा पाहिल्या होत्या, त्याच मराठवाड्याने अतिवृष्टीत वाहून गेलेली शेते पाहिली. हवामान बेभरवशाचे होत जाईल तसे कोरडवाहू शेतकऱ्याचे आणि मजुराचे सोसणे वाढत जाईल, आणि त्याबरोबर त्यांच्या चिकाटीची भाषणेही वाढतील. त्या भाषणांना टाळ्या वाजवायच्या की सोसणाऱ्यांना एका कामावर, एका पाणवठ्यावर, एका मागणीमागे उभे करायचे, हा निर्णय कार्यकर्त्यांना घ्यायचा आहे. माणूस दुःखाने मोठा होत नाही. दुःखाचे कारण ओळखून ते दूर करण्यासाठी तो इतरांच्या खांद्याला खांदा लावतो, तेव्हा मोठा होतो. १९७२ च्या महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवले आहे. जे एकदा झाले ते पुन्हा होऊ शकते. मात्र ते आपोआप होत नाही.